निमित्त केबलचं

समुद्राखालून शेजारच्या देशात जाणारी एकुलती एक केबल जिथे किनाऱ्याला लागते, त्या स्टेशनात थोरला भाऊ इंजिनियर होता. धाकटा लग्न करून त्या पलीकडच्या देशात स्थायिक झाला, तेव्हापासून थोरल्याने त्याचं नाव टाकलं होतं.

हॉस्पिटलमध्ये वडिलांनी प्राण सोडला त्या दुपारी थोरला ड्युटीवर होता. उशाशी फक्त त्याची बायको होती. तो धावत आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, भाऊजींना..."

"त्याला कुणी काही कळवायचं नाही!" तो खेकसला. "वैऱ्याच्या दारात जाऊन बसलाय ना? बाप मेल्याचंही कळता कामा नये त्याला."

तिने हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

दोनच दिवसांनी कुठल्याशा जहाजाच्या नांगरात अडकून केबल तुटली आणि दोन्ही देशांमधले फोन बंद पडले. स्टेशनात सगळे डोक्याला हात लावून बसले. थोरल्याला मात्र मनातल्या मनात बरं वाटलं. उद्या नातेवाइकांनी विचारलंच, तर आयतं निमित्त मिळालं होतं.

केबल जोडली गेली, तसा त्याने सगळ्यांच्या देखत धाकट्याला फोन लावला आणि गळा काढला, "बाबा गेले रे! मेली केबलच तुटली होती, कळवणार कसं?"

पलीकडून धाकटा म्हणाला,


"नाटकं पुरे, दादा. त्या दुपारी वहिनीने व्हिडिओ कॉल लावला होता. बाबांनी डोळे मिटले, ते माझ्याशी बोलता बोलताच."