आठशे मीटरनंतर

प्रांजली पहिली आली, आणि तिची धाप ओसरायच्या आत एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद.

"प्रांजली रामहरी तुम्हीच ना? तुमची डोपिंगची चाचणी आहे. लघवीचा नमुना द्यायचा. तोवर माझ्या नजरेआड जायचं नाही."

गारखेड्याच्या मैदानावर भर दुपारचं ऊन होतं, तरी प्रांजलीच्या अंगावर काटा आला. तिनं मागं वळून पाहिलं. तिसरी आलेली पोरगी आत्ता तर तिथं ओणवी होऊन धापा टाकत होती. आता ती कुठंच दिसत नव्हती.

माइकवर प्रांजलीची वेळ पुन्हा पुन्हा सांगत होते. दोन मिनिटं सात सेकंद. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात तिचं नाव लागलं होतं.

विश्वजीत सर बाटली घेऊन धावत आले. पाच वर्षं तेच तिला पळायला शिकवत होते. "शाबास, वाघीण!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि बाटली देताना वाकून पुटपुटले, "पोटात दुखतंय म्हण. खाली बस. दवाखान्यात नेतो म्हणून मी तुला मागच्या गेटनं काढतो."

"सर, ते इंजेक्शन..."

"चूप. नाव काढू नको. सगळ्यांचं वाटोळं होईल."

पुंडलिकनगरातल्या त्यांच्या खोलीत तिला चारदा सुई टोचली होती. ताकदीचं आहे, सगळ्याच घेतात, असं सर म्हणाले होते. पहिल्यांदा तिनं औषधाचं नाव विचारलं, तर ते हसले. "नाव विचारून पाय पळत नसतात." पुढं तिनं विचारलं नाही. तिसऱ्या सुईनंतर आवाज घोगरा झाला तेव्हा मात्र ती धास्तावली. पण वर्षभर दोन-चौदावर अडलेलं घड्याळही त्याच दिवसांत खाली यायला लागलं होतं.

तेवढ्यात आबा गर्दीतून वाट काढत आले. तिचे वडील. करमाडला मेंढरं राखणारा माणूस, लेकीला शर्यतीत आज पहिल्यांदाच बघत होता.

"पाह्यलं म्या! समदं पाह्यलं!" त्यांचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता. "शेजारचा इचारतोय, कोणाची हो ही पोरगी? म्या म्हणलं, माझी!"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "आत चला. सोबत एकाला आणता येतं. कोण येणार?"

"मी तिचा कोच," सर पुढं झाले. आबा बिचकून दोन पावलं मागं सरले.

खाली बसायचं आणि पोट धरायचं, एवढंच करायचं होतं. सरांचे डोळे तेच सांगत होते. बस. ती उभीच राहिली.

"आबा," ती म्हणाली. "आबा येतील."

खोलीत नमुना काही देता येईना. संडासाचं दार उघडं, दारात त्या बाई. लाजेनं आणि भीतीनं प्रांजलीचं अंग आखडून जायचं. ती बाहेर यायची, पाणी प्यायची, पुन्हा आत जायची. आबा बाकावर अवघडून बसले होते. "भिऊ नको, पोरी," ते म्हणत होते. "तपासलं तर काय बिघडतंय? चांगलंच हाये ना."

पाऊण तासानं बाटल्या भरल्या. झाकणं लागली, नंबर पडले. मग बाईंनी फॉर्म पुढं ओढला.

"गेल्या सात दिवसांत काही औषध, गोळी, इंजेक्शन?"

"काय बी नाय!" आबाच बोलले. "घरचं दूध अन् बाजरीची भाकर. बिरोबाची आण घेऊन सांगतो, माझ्या पोरीनं..."

"त्यांना सांगू द्या."

आबांचा हात छातीवर तसाच होता. बंद दाराखालच्या फटीत सरांचे पांढरे बूट दिसत होते. मान आडवी हलवली की संपलं. नुसती मान.

"आबा, आण नका घेऊ," प्रांजली म्हणाली. तो घोगरा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "इंजेक्शन घेतलंय. चारदा. शेवटचं रविवारी."

"कशाचं?"

"नाव माहीत नाय."

"कोणी दिलं?"

विश्वजीत सरांचं नाव खोलीत नीट ऐकू आलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. "हे सांगितलं म्हणून नियम बदलत नाहीत. नमुन्यात सापडलं तर बंदी येऊ शकते. चार वर्षंसुद्धा. ऑस्ट्रेलिया तर विसराच. कळतंय ना?"

"व्हय."

सही करताना नाव चौकटीबाहेर गेलं. तिनं दाराकडं पाहिलं. फटीत आता नुसतं ऊन होतं.

आबांनी छातीवरचा हात खाली घेतला. प्रांजलीला त्यांच्याकडं बघवेना. ते उठतील, हात उगारतील, नाहीतर न बोलता करमाडची गाडी धरतील. पळताना, सुई घेताना, संडासाच्या उघड्या दारामागं बसताना वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.

"कुठं टोचलं?" आबांनी विचारलं.

तिचा हात आपोआप कमरेखाली गेला. आबा तिथं बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "लई दुखलं व्हय गं?"