दाराला मनाई

“धाकटे, सामना सुरू झाला की भिंतीवर दोन थापा मार. मागोमाग मी मारीन. नाही मारल्या, तर बघायला ये.”

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं आणि धाकटीनं ‘येईन’ म्हणून शब्द दिला, त्याला आता वर्षं लोटली. घराला घर लागून, मधे एकच भिंत. समोर स्टेडियम उभं राहिलं आणि सामन्याच्या दिवशी गल्ली आपली राहीनाशी झाली. उंबऱ्यापर्यंत गाड्या लागत. माणसं इतकी, की फोन लागत नसे. गलक्यात दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नसे. भिंतीला तळवा लावला की थापा मात्र कळायच्या.

शेजारी एकेक करून घरं विकून गेले. शेवटी जाऊबाईंनीही आपली बाजू गाड्या लावून घेणाऱ्या कंत्राटदाराला विकली आणि त्या लेकीकडे राहायला निघाल्या. तेव्हा धाकटी म्हणाली, “पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका.”

सवय मात्र सुटली नाही. पुढच्याच सामन्याला शिलाई मशीनवरून उठून तिनं भिंतीवर दोन थापा मारल्या, आणि तिची तिलाच लाज वाटली. तोच पलीकडून दोन थापा आल्या. पलीकडे स्कूटरी राखणारा मेला वॉचमन थट्टा करतोय, असं तिनं ठरवून टाकलं. तरी दर सामन्याला ती थापा मारी, उत्तर ऐकून घेई आणि त्याच्या नावानं बोटं मोडी. अख्ख्या दिवसात तिला ओ देणारं तेवढंच होतं.

आज दुपारी उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा मारल्या. तळवा चुरचुरला, पण पलीकडे काही हललं नाही. शेवटी ती तणतणत वॉचमनपुढे जाऊन उभी राहिली.

“काय हो, आज थट्टेला सुट्टी वाटतं?”

“कसली थट्टा?”

“भिंत बडवता ती.”

“मी कशाला बडवू, बाई? त्या मोठ्या बाई वाजवायच्या. सामना असला की दोन बस बदलून यायच्या, स्कूटरींच्या मधे डबा पालथा घालून बसायच्या. मी म्हटलं, शेजारी जा की, चहा तरी मिळेल. तर म्हणाल्या, ‘दाराला मनाई आहे, भिंतीला नाही.’”

तिनं वळून भिंतीकडे पाहिलं.

“आज काही आल्या नाहीत,” वॉचमन म्हणाला. “एकदा विचारलं होतं मी, तुमचं येणं नाही झालं तर? हसल्या. म्हणाल्या, ‘उत्तर गेलं नाही, तर धाकटी येईल बघायला. शब्द दिलाय तिनं.’”

आत काहीतरी घडलं असावं. सगळं स्टेडियम एकदम ओरडलं. ते थांबेपर्यंत तिला बोलता येईना.

“त्या कुठल्या बसनं यायच्या?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं दोन्ही बसचे नंबर सांगितले. तिनं घराला कुलूप घातलं आणि सामन्याला उशीर झाला म्हणून धावत येणाऱ्या माणसांमधून, अंग चोरून, ती उलट्या बाजूला, बसथांब्याकडे चालू लागली.