सगळ्यांच्या डब्यात

"लेकी, माया डब्यात भरावी, तोंडानं बोलून दाखवू नये," आत्या भाकरी थापता थापता म्हणायची. प्रतिक्षानं तेच केलं, फक्त जावास्क्रिप्टमध्ये.

सात रस्त्याजवळच्या मनकर्णा मावशींच्या खानावळीतून चिंचोळी एमआयडीसीत डबे जायचे, आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम प्रतिक्षानं लिहिला होता. रिकामा डबा परत द्यायला येणारा बुद्धभूषण रोज तिच्याकडं बघून नुसता हसायचा. एका सकाळी तिनं हळूच प्रोग्रॅममधल्या त्याच्या नोंदीत, नोंदीतल्या 'डबा' नावाच्या कप्प्यात एक 'निरोप' जोडला: 'पोटभर जेवा. नुसत्या चहावर दुपार काढली, की इकडं घास उतरत नाही.'

पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी तिनं एकाच नमुन्यावरून कॉपी केलेल्या. वरची नावं वेगवेगळी, आतला 'डबा' कप्पा मात्र सगळ्यांचा मिळून एकच राहिलेला. त्यामुळं निरोप छापला गेला सगळ्यांच्याच चिठ्ठीवर.

दुपारभर फोन थांबेना. "अगं, त्यो खडूस सुपरवायझरसुद्दा गहिवरला की!" मावशी हसून हसून बेजार. "सगळी म्हंत्यात, आईची आठवण झाली. काय लिवलंस गं एवढं?" प्रतिक्षाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

संध्याकाळी बुद्धभूषण आला, तो न हसताच.

"मावशी, तक्रार हाय."

"आज तक्रार करणारा तू एकटाच बग! भाजी कमी पडली व्हय?"

त्यानं प्रतिक्षाकडं पाहिलं.

 

"न्हाय. त्यो निरोप फकस्त माज्याच डब्यावर पायजे हुता."