साहेबांच्या मागचे अण्णा

अण्णांच्या दहाव्याचा फ्लेक्स करायला भागवत सेलूला गेला आणि दुकानातच बसून मोबाइलमध्ये बापाचा फोटो शोधू लागला. डाउनलोड उघडलं की नुसते साहेब! साहेबांचा वाढदिवस, साहेबांचा दौरा, साहेबांचा सत्कार. पार्टीच्या ग्रुपवर पडेल ते त्यानं इमानेइतबारे उतरवून घेतलेलं. बोट दुखायला लागलं तेव्हा कुठं अण्णा सापडले. बोरीच्या सत्कारात, साहेबांच्या खांद्यामागं, हारानं अर्धे झाकलेले.

"हे पुढचे कापून टाकतो," दुकानदार म्हणाला.

भागवत दचकला. "साहेबांना? येडे झाले का तुमी! ऱ्हाऊ द्या तसंच. अण्णाला लय कौतुक व्हतं त्यांचं."

दुसऱ्या दिवशी बोरीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध हात जोडून हसणारे साहेब, आणि पार तळाशी बारीक अक्षरांत अण्णांचं नाव. येणारे-जाणारे थांबून हळहळत होते. एकानं तर हारही घातला.

दुपारी भागवतचा फोन वाजला. नाव बघून तो ताडकन उभाच राहिला.

"साहेब! तुमी सोता फोन केला?"

"भागवत," साहेब म्हणाले, "मी कधी मेलो रे?"