देवळातली ग्रामसभा

ही ग्रामसभा देवळात भरवू नका, असं सरपंच हेमांगीने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. कुणी ऐकेल तर शपथ!

राज्य सरकारच्या साहेबाने खणखणीत आवाजात ठराव वाचला, "केंद्राने आमचा डोंगर राखीव करू नये!" देवळात पुजाऱ्याच्या गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवयच, साऱ्या गावाने हात जोडले. "होय म्हाराजा!"

डोंगर राखीव झाला तर त्यावरची खाण बंद पडणार होती. तिच्या धुळीने हीच मेली माणसं खोकत होती!

हेमांगी तरातरा देवापुढे गेली. "बा देवा म्हाराजा, ह्यो डोंगर खाणवाल्यांच्या घशात जावक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजलं. साहेबानेही नकळत हात जोडले.

मग त्याच हातांनी त्याने पहिल्या ठरावावर शिक्का मारला, 'डोंगर राखीव करण्यास एकमताने विरोध.'