हाताशी एक दिवस

“शुक्रवारी कशाला?” आईने विचारलं. “जहाज सुटतं शनिवारी संध्याकाळी. आदल्या दिवशी जाऊन आम्ही दोघी बहिणींनी बंदरावर काय मासे मोजत बसायचं?”

“हिवाळा आहे, आई. घाटात बर्फ पडला की गाडी अडकते. बंदराजवळच्या हॉटेलात रात्री झोपा, दुसऱ्या दिवशी आरामात जहाजावर चढा.”

तो प्रवास कंपनीत बुकिंग बघायचा. थंडीत बंदराकडे निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगायचा, एक दिवस जादा धरा. घरात या वाक्याची फार थट्टा व्हायची. आई कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली तरी बाबा आतून ओरडायचे, “एक दिवस जादा धर गं!”

आज त्याने आई आणि मावशीसाठी सगळं कागदावर आखून आणलं होतं. कुठल्या डब्यात चढायचं, हमाल कुठे मिळेल, मावशीचे गुडघे दुखले तर चाकांची खुर्ची कुणाकडे मागायची. परतीचंही होतं. जहाज सातला धक्क्याला लागतं, पण सामान हातात पडेपर्यंत दहा वाजतात, म्हणून दुपारी तीनची गाडी. धुकं असलं तर संध्याकाळची. इतकं डोळ्यांत तेल घालून त्याने कुणाचंच काम केलं नव्हतं. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला होता. बाबांचं काही खरं नाही, ये. पण शनिवारी त्याची चाळीस माणसं जहाजावर चढायची होती. त्यांना चढवू, रविवारी सकाळी निघू, संध्याकाळी पोचू, असं त्याने ठरवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गाडी घाटात रात्रभर बर्फात उभी राहिली. तो घरी पोचला सोमवारी संध्याकाळी. बाबा दुपारीच गेले होते. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वर्षभर वाटत होतं.

“शनिवारी पहाटेची गाडी घेतली तर?” आईने हेका सोडला नव्हता.

“आणि अडकलात म्हणजे? जहाज कुणासाठी थांबत नाही, आई.”

आईने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन काही लागेना. तिने ती तशीच सोडून दिली.

“तुला सांगणार नव्हते,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी बाबांचा रविवारपर्यंतचाच भरवसा दिला होता. रविवारची संध्याकाळ झाली, तू आला नाहीस, मी रडायला लागले. तर बाबा मलाच म्हणाले, बर्फ पडतोय, पोराला एक दिवस जादा धर.”

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

“आणि थांबले रे ते. सोमवारी दुपारपर्यंत थांबले.”