डबीतला नमुना

हरतालिकेचा निर्जळी उपास, बाहेर दुबईचं ऊन, तरी दर्शना डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून नवऱ्यासोबत वेळेवर क्लिनिकला पोहोचली. तिला एकोणचाळिसावं लागलं होतं; आता नाही तर मूल कधीच नाही. हेमचंद्रच्या मागच्या दोन्ही रिपोर्टांत शुक्राणू शून्य आले, तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिनेच सासूबाईंना फोन करून सांगून टाकलं होतं, "आई, दोष माझ्यात आहे." तेव्हापासून दोन वर्षं ती सासरचे टोमणे मुकाट्याने ऐकत होती.

या वेळी डॉक्टर मॅडमनी नमुन्यातली रसायनंही तपासून घेतली होती.

"वीर्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते. इथे ती नाहीच, झिंकही नाही. उलट अमायलेज हे पाचक द्रव्य भरपूर आहे, आणि ते इतकं तोंडातच सापडतं."

"म्हणजे?" दर्शनाने विचारलं.

"म्हणजे डबीत वीर्य नाहीच. यांची लाळ आहे. शून्य येणारच ना!"

दर्शना वळली. "अहो, मागच्या दोन्ही वेळाही?"

हेमचंद्रने मान वर केली नाही. "त्या खोलीत मला काही जमेचना गं. बाहेर नर्स उभी. रिकामी डबी कशी देणार? आणि मग तुला सांगायची लाज वाटली."

 

दर्शनाने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, आणि नवऱ्यासाठी पहाटेपासून धरलेला उपास त्याच्या डोळ्यांदेखत घटाघटा मोडला.